एक रात्र नव्हे, दोन रात्री

प्रथम तारखा. इंग्रजी तारखा, जावक क्रमांक आणि शिक्के माझ्या फाइलीत आहेत. मागेल त्याला दाखवीन. येथे मात्र श्रावण दोनाडकरांच्या पद्धतीप्रमाणे सण आणि वार देतो. ज्या तारखेवरून वाचणाऱ्याला आपण त्या दिवशी कुठे होतो हे आठवत नाही, ती तारीख लिहून उपयोग काय, असे ते विचारत.

अक्षय्य तृतीयेनंतरचा सोमवार: दोनाडकरांनी आपल्या ब्लॉगवरील कडू कंदाच्या लेखात दुरुस्ती केली.

त्याच आठवड्याचा शनिवार: ती दुरुस्ती रजिस्टर टपालाने रानभाजी महोत्सवाच्या पुस्तिका समितीला मिळाली. पोचपावतीवर सही आहे, शिक्का आहे.

नागपंचमीचा आठवडा: समितीने महोत्सवात पुस्तिका वाटली. तीत दुरुस्तीपूर्वीचा, चुकीचा मजकूर छापलेला होता.

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार: माजरीच्या कोळसा वसाहतीतील एका जोडप्याने पुस्तिकेत वाचून कंद शिजवला, खाल्ला, आणि दोघेही दवाखान्यात दाखल झाले.

त्यानंतरचा बुधवार: वृत्तपत्रात बातमी आली. मथळा, "ब्लॉगरच्या चुकीमुळे दोघे अत्यवस्थ".

होळीच्या आधीचा शुक्रवार: श्रावण दोनाडकर वारले.

आता जबाबदार व्यक्ती. पहिले, समितीचे सचिव, ज्यांच्या टेबलावर ते पाकीट गेले. दुसरे, समितीचे अध्यक्ष, ज्यांनी "मजकुराची सर्व जबाबदारी लेखकाची" असे जाहीर निवेदन काढले. तिसरे, ती बातमी देणारे बातमीदार आणि ती छापणारे संपादक. चौथे नाव पुढे मजकुराच्या ओघात येईल. ते लपवण्याचा हेतू नाही; पण क्रम पाळला पाहिजे. या मंडळींची नावे मी येथे देत नाही, कारण ती त्यांनी स्वतः पुढे येऊन सांगावीत अशी माझी मागणी आहे.

ज्या माणसावर हे सारे ढकलण्यात आले तो कोण होता, हे आधी नोंदवतो.

श्रावण दोनाडकर आरमोरीचे निवृत्त पोस्टमन. आरमोरी आणि कुरखेड्याकडच्या गावांत त्यांनी सारी नोकरी सायकलवर काढली. निवृत्तीनंतर त्यांनी 'नाल्याकाठचं पान' नावाचा ब्लॉग सुरू केला. कोणती रानभाजी केव्हा निघते, कशी ओळखावी, कशी शिजवावी, एवढाच त्याचा विषय. भाजी स्वतः शिजवून, खाऊन, एक दिवस जाऊ देऊन मग ते लिहीत. घरी संगणक नव्हता. बसस्थानकासमोर सलीमभाईंचे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या संगणकावर एका बोटाने टंकलेखन चाले. खांद्याला जुनी खाकी पिशवी, पिशवीत लेखाच्या छापील प्रती आणि एक लाल बॉलपेन.

त्यांची माझी ओळख माझ्या रागातून झाली. मी चंद्रपूरच्या दिवाणी न्यायालयात नकला आणि नोटिसा तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस. त्यांच्या एका लेखात "जंगलातून भाजी आणायला कोणाचीही परवानगी लागत नाही" असे विधान होते. अभयारण्याच्या हद्दीत हे विधान कुणाला खटल्यात अडकवू शकते, असे मी त्यांना पाच पानी पत्राने कळवले. पत्राचा सूर सौम्य नव्हता. आठवड्याच्या आत दुपारच्या वेळी एक वाळका, उंच गृहस्थ माझ्या दारात उभा.

"वकीलसाहेब इथीच राह्यते का?"

"मी वकील नाही."

"मंग तं लयच चांगलं लिवलं तुमी," असे म्हणून त्यांनी पिशवीतून कागद काढला. दुरुस्त केलेला लेख होता. माझ्या पाच पानांचा अर्थ त्यांनी दोन ओळींत आणला होता, आणि खाली छापले होते: "ही चूक चंद्रपूरच्या एका वाचकाने दाखवली." त्यांनी तो दारातच उभ्याने मोठ्याने वाचला आणि विचारले, "बरोबर हाय ना? आता तुमचं नाव टाकू का? इचारल्याशिवाय टाकत नाई मी."

आरमोरीहून चंद्रपूर, बस बदलून. दोन ओळींसाठी.

पण माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. चुकीचे वाक्य त्यांनी काढून टाकले नव्हते. ते तसेच होते, त्यावर फक्त एक आडवी रेघ होती. खाली दुरुस्ती, तिचा दिवस, दाखवणाऱ्याचे गाव. पुढे त्यांचे इतर लेख पाहिले तर प्रत्येकाची हीच तऱ्हा. एका टाकळ्याच्या भाजीच्या लेखात रेघांखालचा मजकूर मूळ मजकुरापेक्षा जास्त झालेला. सलीमभाई यावरून त्यांना कधी सोडत नसत.

"दोनाडकरभाऊ, हा लेख हाय का गोधडी? ठिगळावर ठिगळ. डिलीट मारा ना सीधं! दिसते कोणाले?"

"ज्यानं काल वाचलं त्याले दिसते, सलीमभाई."

"अरे, पन नया आदमी तं हसन ना!"

"हसू दे. म्हातारा चुकते, हे तं त्याले समजन."

वाचकांच्या अभिप्रायांना ते आलेल्या क्रमाने उत्तर देत. टपाल ज्या क्रमाने आले त्या क्रमाने वाटायचे, ही सवय सुटली नव्हती. "छान लेख" असे कुणी लिहिले की ते उलट विचारत, "कोणता भाग छान वाटला? भाजी करून पाहिली का?" बहुतेक लोक पळून जात. एकाने लिहिले, "म्हाताऱ्या, घरी बस, गाढवा." दोनाडकरांनी उत्तर दिले, "आपला अभिप्राय मिळाला. तो नेमका कोणत्या परिच्छेदाबद्दल आहे, ते कळवावे." त्या गृहस्थाने तीन दिवसांनी खरोखर परिच्छेद कळवला. कुड्याच्या फुलांच्या भाजीत मिठाचा उल्लेखच राहिला होता. दोनाडकरांनी रेघ मारली, मीठ घातले आणि खाली त्या गृहस्थाचे नाव आदराने छापले.

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्याकडेही लेख जाई. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बायांच्या ओळीत बसून ते छापील प्रत वाचून दाखवत आणि त्या हसल्या की थांबून विचारत, "काऊन हासल्या? काय चुकलं?" कारण त्या उगाच हसत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

आता कडू कंदाकडे येतो.

हा कंद आपल्या जंगलात मिळतो आणि नीट कडूपणा काढल्याखेरीज तो विषारी असतो. त्याच्या चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळतात, मग टोपल्यात भरून ते टोपले नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवतात. दोनाडकरांनी लिहिले होते, "एक रात्र ठेवावे." हे त्यांनी पुस्तकातून घेतलेले नव्हते, लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले होते. हिवाळ्यात तो लेख प्रसिद्ध झाला. पुस्तिका समितीने परवानगी मागितली, त्यांनी आनंदाने दिली. त्या वर्षी स्वतः कंद शिजवायला मिळाला नव्हता. आपला नियम त्यांनी या एकाच लेखासाठी मोडला, आईच्या हातावर विश्वास ठेवून.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सलीमभाईंच्या दुकानात फोनवर एक आवाज आला. कुरखेड्याजवळच्या एका गावातल्या सोनाबाई कुमरे. सुनेने तिला लेख वाचून दाखवला होता. बाईचा आवाज दुकानात सगळ्यांनी ऐकला: "पोस्टमनभाऊ, तू लोकायले मारून राह्यला का?"

दुसऱ्या दिवशी दोनाडकर तिच्या अंगणात होते. तिथे झालेले बोलणे त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले, आणि स्वतःविरुद्धची साक्ष देताना हा माणूस एक शब्द इकडचा तिकडे करत नसे.

"तुयं घर कुठी होतं?" बाईने विचारले.

"नाल्याच्या काठाले, बाई. माय टोपलं नाल्यात ठेवे. मी सोता पाह्यलं. सकाळी काढे, आमी खाऊ."

"आन शाळा?"

"शाळा आरमोरीले. वसतिगृहात राहो. शनिवारी घरी येवो."

"शनिवारी तू येत होता, तवा टोपलं नाल्यातच राहे का?"

"हो."

"मंग शुक्रवारी ते कोनं ठेवलं, पोरा?"

रविवारी मुलाला खायला मिळावे म्हणून आई तो यायच्या आदल्या दिवशीच टोपले पाण्यात ठेवत होती. मुलाने पाहिली ती दुसरी रात्र. पहिली रात्र त्याला कधी कळलीच नव्हती.

सोमवारी ब्लॉगवर रेघ पडली. खाली मजकूर होता: "'एक रात्र' हे चूक आहे. दोन रात्री ठेवावे, आणि तरीही चव कडू लागली तर टाकून द्यावे. मी घरी शनिवारी येत असे. शुक्रवारची रात्र मला माहीत नव्हती. ही चूक सोनाबाई कुमरे यांनी दाखवली. वाचकांची क्षमा मागतो. आईची मागून झाली आहे."

ब्लॉग लिहिणाऱ्या कित्येकांची पाने मी पाहिली आहेत. चूक कळली की ती रातोरात गायब करतात आणि वर शहाणपणा मिरवतात. दोनाडकरांनी चूक चौकात उभी केली आणि तिच्या शेजारी स्वतः उभे राहिले. पुढे त्यांना याच गोष्टीची शिक्षा झाली.

त्या लेखावर ज्यांनी ज्यांनी अभिप्राय दिला होता, त्या प्रत्येकाचा पत्ता मागून घेऊन त्यांनी पोस्टकार्ड टाकले. चूक ज्या घरी गेली त्या घरी दुरुस्ती गेलीच पाहिजे, हा त्यांचा पोस्टमनचा हिशोब. समितीसाठीही कार्ड लिहून तयार होते. एकच ओळ: "कडू कंद: एक रात्र नव्हे, दोन रात्री. श्रावण दोनाडकर." ते कार्ड त्यांनी मला दाखवले.

मी म्हणालो, "कार्यालयाला असे कार्ड पाठवतात काय? ते कचऱ्यात जाईल. रीतसर पत्र हवे. संदर्भ हवा, परवानगीचा दिनांक हवा, पोचपावती हवी."

"पन साहेब, कार्ड वाचाले सोपं राह्यते."

"पुरावा राहत नाही."

मी पत्र तयार केले. तीन पाने. पहिल्या पानावर पूर्वपीठिका, दुसऱ्यावर लेखकाचे हक्क व समितीची कर्तव्ये, तिसऱ्या पानाच्या शेवटच्या परिच्छेदात, चौदाव्या मुद्द्यात, दोन रात्री. दोनाडकरांनी सही केली. पाकीट वेळेवर पोचले. पुरावा आजही माझ्याकडे आहे. आणि मला आता खात्रीने वाटते की चौदाव्या मुद्द्यापर्यंत तिथे कुणी वाचलेच नाही.

चौथे नाव माझे आहे.

तथापि, माझ्या लांबलचक पत्रामुळे सचिव निर्दोष ठरत नाहीत. विषारी कंदाबद्दलचे पत्र हाती आले असता ते शेवटपर्यंत वाचणे हे त्यांचे कर्तव्य होते. ते झाले नाही. नागपंचमीला पुस्तिका वाटली गेली, गुळगुळीत कागदावर, रंगीत छायाचित्रांसह. एक रात्र.

माजरीची बातमी आली तेव्हा मी दोनाडकरांना बजावले, "तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. कबुली म्हणून वापरतील." ते दुसऱ्या दिवशीच माजरीला निघाले. नाइलाजाने मीही गेलो. त्या घरची बाई, सुषमाबाई, दवाखान्यातून नुकतीच परतली होती. नवरा आतल्या खोलीत झोपून होता. वणीकडून नोकरीसाठी आलेले कुटुंब. कंद त्यांनी जन्मात पहिल्यांदाच आणला होता. नाला जवळ नाही, म्हणून नळ बारीक सोडून टोपले रात्रभर त्याखाली ठेवले होते. पुस्तिकेवर इतका विश्वास.

"तुमी लिवलं होतं का हे?" तिने विचारले.

"हो बाई. मीच."

"मंग आता काऊन आले? मेलो का नाई ते पाहाले?"

"दुरुस्ती द्याले."

तिने फ्रिजवरची पुस्तिका आणून त्यांच्यासमोर आपटली. दोनाडकर खाली बसले, लाल पेन काढले, ते पान उघडले, 'एक रात्र' वर रेघ ओढली आणि बाजूला नीट अक्षरात लिहिले, 'दोन रात्री'. मग हात जोडले. बाईने पुस्तिका उचलून ते पान वाचले.

"मायं पुस्तक तं झालं," ती म्हणाली. "शेजारणीचं? ह्या लाइनीत घरोघरी हाय ते."

संध्याकाळपर्यंत आम्ही त्या लाइनीत होतो. परतीच्या बसमध्ये दोनाडकर एवढेच म्हणाले, "साहेब, यादी पायजे. कोनाकोनाले वाटले, त्याची यादी."

यादी मागितली. तोंडी, लेखी, माहितीच्या अधिकारात. पहिले उत्तर: "यादी ठेवण्यात आलेली नाही." दुसरे उत्तर: "यादी संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." तिसरे उत्तर: "यादी त्रयस्थ व्यक्तींच्या माहितीशी संबंधित असल्याने देता येत नाही." जी यादी ठेवलेलीच नाही ती देता येत नाही, असे लिहिणाऱ्या कार्यालयाने स्वतःची तिन्ही पत्रे एकदा एका टेबलावर ठेवून वाचावीत.

मध्यंतरी बातमी छापली गेलीच होती. सोबत दोनाडकरांच्या ब्लॉगचे छायाचित्र होते: रेघ मारलेले वाक्य, आणि "चूक आहे" हे शब्द. दुरुस्तीचा दिवस खाली होता. नेमका तोच भाग कापलेला. मथळ्याखाली लिहिले होते, "ब्लॉगरने स्वतःच दिली चुकीची कबुली." अक्षय्य तृतीयेची दुरुस्ती दिवाळीनंतरची कबुली करून टाकली! ज्यांनी चूक छापली आणि वाटली त्यांच्या कागदावर कुठेही रेघ नव्हती, म्हणून ते निष्कलंक. मी संपादकांना सहा पत्रे पाठवली. एकही छापले नाही, एकाचेही उत्तर नाही.

सलीमभाई त्या दिवसांत चिडून म्हणाले, "देखा? मी बोललो होतो ना, डिलीट मारा! आज कोनी काही बोललं असतं का तुमाले?"

दोनाडकर संगणकावर बातमीखालचे अभिप्राय वाचत होते. शिव्यांची रांग होती. ते पहिल्यापासून उत्तरे देत होते. मान वर न करता म्हणाले, "माले नसते बोलले, सलीमभाई. पन सोनाबाईचं नाव बी गेलं असतं ना त्याच्यासंग."

त्यानंतर ते बाजार फिरू लागले. आरमोरी, कुरखेडा, वडसा, जिथे बस जाईल तिथे. यादी मिळत नाही म्हटल्यावर या माणसाने एकेक प्रत हाताने शोधायला घेतली होती. शाळेत, बचत गटात, अंगणवाडीत. डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितले होते. मी त्यांना दोनदा सांगितले की हे काम समितीचे आहे, तुमचे नाही. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली आणि पुढची बस पकडली.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते आरमोरीच्या बाजारात, संक्रांत होऊन गेल्यावर. टिनाच्या शेडखाली, मिरच्या विकणाऱ्या एका बाईशेजारी पोत्यावर बसले होते. बाई पुस्तिकेची पाने फाडून मिरच्या बांधून देत होती, आणि ते तिला थांबवून प्रत्येक पान पाहत होते. कंदाचे पान आले की रेघ मारायची, दोन शब्द लिहायचे आणि पान तिला परत द्यायचे.

"भाऊ, गिऱ्हाइकं खोळंबून राह्यली ना!" बाई कुरकुरली.

"एकच मिनिट, बाई."

मी म्हणालो, "दोनाडकर, हा कागद घरी जाऊन चुलीतच जाणार आहे."

त्यांनी वर पाहिले. श्वास लागत होता, पण डोळे नेहमीसारखे, पत्ता तपासणारे. "फेकाच्या आधी कोनी वाचलं तं, साहेब?" एवढे बोलून ते पुन्हा पानावर वाकले. मिरचीची पूड लाल शाईत मिसळली होती. रेघ मात्र सरळ होती.

होळीपूर्वी ते गेले. त्यांच्या पिशवीत समितीसाठी लिहिलेले ते पोस्टकार्ड सापडले. मी पाठवू दिले नव्हते, तेच. ते आता माझ्याकडे आहे.

आणि आता कळते की समिती येत्या नागपंचमीला पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढत आहे. पहिल्या आवृत्तीच्या प्रती कुणाकुणाच्या घरी आहेत हे आजही कुणी सांगत नाही. दिवाळीनंतर कंद पुन्हा निघेल.

म्हणून सचिव, अध्यक्ष आणि संपादक यांना मी जाहीरपणे विचारतो. शनिवारी मिळालेले ते पत्र कोणी उघडले? पहिल्या आवृत्तीच्या प्रती कोणत्या गावांना, कोणत्या शाळांना, कोणत्या वसाहतींना गेल्या? दुसऱ्या आवृत्तीत ते चुकीचे वाक्य रेघ मारून, वाचता येईल असे ठेवून, खाली दुरुस्ती, तिचा खरा दिवस आणि सोनाबाई कुमरे यांचे नाव छापणार आहात की नाही? मृत माणसाच्या नावावर छापलेली कबुली मागे घेणार आहात की नाही?

चौथे नाव लिहून माझ्या चुकीवर मी वर रेघ मारलेली आहे. ती सर्वांना दिसते. तुमची दाखवा. दोनाडकरांचे कार्ड या वेळी मी जसेच्या तसे टपालात टाकत आहे. त्यावर एकच ओळ आहे. उत्तर जाहीर द्या, नावानिशी द्या. तेही एका ओळीचे चालेल.